शॉकअप बसले की काय घालावं?

आर्मीत गाडीबद्दलचा सल्ला मागावा लागत नाही. मेसच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभं राहिलं की पाच मिनिटांत एक पायदळवाला, एक सिग्नल्सवाला आणि एक डॉक्टर जमतो, आणि तिघांची तीन मतं असतात. इंजिन ऑइलवर, बॅटरीवर, पेट्रोलवर लोक भांडतात ते ठीक आहे, त्यात फारसं कुणाचं बिघडत नाही. पण एका बाबतीत गेली काही वर्षं मी जे ऐकतो आणि पार्किंगमध्ये पाहतो, त्यावर एकदा नीट लिहायचं राहून गेलं होतं. रोज चालवायच्या, पण अंगात जरा रग असलेल्या गाडीचे शॉकअप बसले, तर त्या जागी काय घालावं?

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. गाडीची उंची कमी करू नका. स्प्रिंग कंपनीच्याच ठेवा, त्या थकल्या असतील तर कंपनीच्याच नव्या आणा. हातातला पैसा चांगल्या डॅम्परवर, रबरी बुशांवर आणि टायरवर घाला. कॉइलओव्हरचा सेट रेसट्रॅकवर जाणाऱ्यासाठी आहे. रोज सकाळी युनिट, संध्याकाळी बाजार आणि वर्षातून दोनदा गाव असं ज्याचं चालणं आहे, त्याच्यासाठी तो नाही. आणि हे मी पाठीच्या सुखासाठी म्हणत नाही, म्हणजे केवळ त्यासाठी म्हणत नाही. वेगासाठी म्हणतोय.

माझी गाडी पोलो जी.टी. टी.एस.आय. आहे. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा डी.एस.जी. चाकणला तयार झालेली आणि पुण्यात सेकंडहँड घेतलेली. जर्मनीत हिला कुणी परफॉर्मन्स कार म्हणणार नाही. पण अकराशे किलोच्या आसपासचं वजन, तो टॉर्क आणि आपला पगार ही तीन कलमं एकत्र मांडली, तर आपल्याकडे रोज चालवण्याजोग्या तेज गाड्यांत हिचं नाव येतंच. २०२२ मध्ये भारतात पोलो बंद झाली तेव्हापासून तर जुन्या जी.टी.ला लोक जपायला लागलेत. माझी पुणे, जोधपूर, सिकंदराबाद असं करत आता पठाणकोटला आहे. ८२ हजार किलोमीटरला तिचे चारही शॉकअप गेले.

गेले म्हणजे फुटले नाहीत. ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. शॉकअप एका दिवसात जात नाही. रोज थोडा थोडा ढिला होतो आणि चालवणारा नकळत त्याच्याशी जुळवून घेतो. कोपऱ्यावर हात दाबून गाडी हलवून बघायची जुनी पद्धत हल्लीच्या गाड्यांत फारसं काही सांगत नाही. त्यापेक्षा टायरवर तळहात फिरवा. गोलाईत ठिकठिकाणी खोलगट-उंचवट असं लागलं तर चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत चाललंय. पुलाच्या जोडावरून गेल्यावर मागचा भाग एकदा हलून थांबतो की दोनतीनदा डोलतो ते पाहा. वळणात मधेच खड्डा आला तर मागचं टोक बाजूला सरकतं का ते पाहा. आणि मागच्या सीटवर बसणाऱ्याला विचारा. आमच्याकडे माझ्या मुलीने, ‘बाबा, गाडी होडीसारखी का चालते?’ असं विचारलं, आणि तिचं निरीक्षण माझ्या मेकॅनिकपेक्षा अचूक होतं.

थकलेल्या शॉकअपचा खरा धोका ब्रेकमध्ये आहे. खडबडीत रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की उडणारं चाक हवेत असताना लगेच लॉक होतं, ए.बी.एस.ला वाटतं चाक घसरतंय, आणि ते त्या चाकाचा ब्रेक सोडतं. चाक खाली येतं, पुन्हा पकडतं, पुन्हा सोडतं. पायाखाली पेडल थरथरत राहतं आणि गाडी थांबायला हवी तिथे थांबत नाही. समोर ट्रॅक्टर-ट्रॉली बिनदिव्याची उभी असते, आणि पंजाबात रात्री ती असतेच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लोक ‘सस्पेन्शन’ हा एक शब्द वापरतात, पण काम करणारे दोघे वेगळे आहेत. स्प्रिंग गाडीचं वजन तोलते आणि धक्का साठवते. डॅम्पर, म्हणजे आपला शॉकअप, तो साठवलेला धक्का तेलातून ढकलून उष्णतेत घालवतो. स्प्रिंग कडक केली म्हणजे गाडी ताब्यात येते हा समज इथूनच चुकीच्या वाटेला लागतो. ताबा डॅम्परचा असतो. ताठ स्प्रिंगवर नुसती गाडी ताठ होते.

ज्येष्ठ वाचकांना हे सांगायला मला जिप्सीपेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. पुढेमागे सरळ आडवे अॅक्सल, चारही चाकांना पाटे. मोकळ्या जिप्सीत मागच्या बाकावर बसून ज्याने तीस किलोमीटर कच्च्या ट्रॅकवरून काढलेत, त्याला ‘ताठ म्हणजे स्थिर’ असं कुणी पटवून देऊ शकत नाही. तिच्या आधीच्या जोंगाबद्दल तर विचारूच नका. ज्यांनी ती चालवली ते अजून प्रेमाने बोलतात, कारण माणूस तरुणपणातला त्रास विसरतो. या गाड्या वाईट नव्हत्या. पाटे भार उचलतात, मोडले तर कुठल्याही गावात लोहार दुरुस्त करतो, आणि सैन्याला तेच हवं होतं. पण कुणी जिप्सीला तिच्या ताठपणामुळे वळणात वेगवान म्हणत नाही.

याच्या उलट टोकाला रणगाडा आहे. माझी सुरुवातीची वर्षं एका आर्मर्ड रेजिमेंटच्या एल.ए.डी.त गेली. टी-७२ला प्रत्येक बाजूला सहा रोडव्हील, प्रत्येकाला टॉर्शन बार, आणि हायड्रॉलिक शॉकअप मात्र फक्त पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या चाकाला. म्हणजे चाळीस टनांच्या वर वजन आणि डॅम्पर टोकांनाच, कारण नाक आपटणं आणि शेपूट उडणं तिथेच आवरायचं असतं. त्या टोकाच्या शॉकअपपैकी एक जरी गळायला लागला तरी ड्रायव्हर वायरलेसवर बोलतानाच्या आवाजावरून कळायचं. अर्जुनला हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन दिलं, ते काही जवानांचे लाड म्हणून नाही. मोकळ्या मैदानावर रणगाड्याचा वेग इंजिन ठरवत नाही, आत बसलेला माणूस किती सोसू शकतो ते ठरवतं. अमेरिकी लष्कराने याला चक्क आकडा दिलाय: सीटमधून ड्रायव्हरच्या शरीरात सरासरी ६ वॅट शक्ती शोषली जायला लागली की माणूस आपणहून वेग कमी करतो. त्या वेगाच्या पुढची इंजिनाची ताकद त्या जमिनीवर वाया जाते.

पठाणकोट ते बनीखेत रस्त्यावर हेच घडतं, फक्त रणगाड्याऐवजी पोलो असते. वळण चांगलं असतं, मध्येच दरड पडून दुरुस्त केलेला पट्टा असतो. उंची कमी केलेली, ताठ स्प्रिंगची गाडी त्या पट्ट्याआधी ब्रेक मारते. मूळ उंचीवरची, चांगल्या डॅम्परची गाडी त्यावरून तशीच निघून जाते. दहा किलोमीटरमध्ये असे चाळीस पट्टे आले की कोण पुढे असेल ते सांगायला नको. रॅलीवाले हे कधीच शिकलेत. कच्च्या रस्त्यावरच्या रॅलीच्या गाडीची चाकं किती खालीवर होतात ते पाहा. ती गाडी जमिनीला चिकटलेली दिसत नाही, पण तिची चाकं चिकटलेली असतात.

उंची कमी केल्याने नेमकं काय जातं ते थोडं आकड्यांत मांडतो. माझ्या पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स १६८ मिलिमीटर. ३५ मिलिमीटरच्या ‘लोअरिंग’ स्प्रिंग घातल्या की उरले १३३. चार माणसं आणि डिकीत दोन ट्रंका बसल्या की मागे त्यातूनही कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. तसा गतिरोधक मी छावणीत दोनदा पाहिला असेल. बाकी सगळे गावातल्या कुणीतरी रागाने घातलेले असतात. शिवाय परदेशी स्प्रिंगच्या खोक्यावरचा ‘उणे ३५’ हा आकडा तिथल्या गाडीच्या उंचीवरून मोजलेला असतो. आपल्या रस्त्यांसाठी गाडी मुळातच उंच ठेवलेली असेल तर तीच स्प्रिंग इथे जास्त खाली बसवते.

पण पोट घासणं हा लहान तोटा. मोठा तोटा चाकाच्या हालचालीचा. उंची ३५ मिलिमीटरने उतरवली म्हणजे चाकाला वर जायला असलेली जागा तेवढीच कमी झाली. ती संपली की डॅम्परच्या दांड्यावरचं रबर, बंप स्टॉप, लागतं. त्या क्षणी सस्पेन्शन अचानक कैकपट ताठ होतं. सरळ रस्त्यावर नुसता धक्का बसतो. वळणात हे झालं तर त्या चाकावरचा भार एकदम उसळतो आणि पकड सुटते, तीही चालवणाऱ्याला कसलीही सूचना न देता.

आणि एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. पोलोला, जवळजवळ सगळ्या अशा गाड्यांना, पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. उंची उतरवली की खालचा आर्म चाकाकडे वर चढता होतो, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे कलण्याचा जोर वाढतो. मग तो आवरायला आणखी ताठ स्प्रिंग, आणखी जाड अँटिरोल बार. गाडी कमी कलावी म्हणून खाली बसवली, आणि खाली बसवल्यामुळे कलू नये म्हणून ताठ करावी लागली! रेसवाले हे खास बॉलजॉइंट घालून निस्तरतात. आपण फक्त फोटो काढतो.

स्प्रिंगचं गणितही एकदा पाहून घ्या. साध्या गाडीचं शरीर स्प्रिंगवर सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा हलतं. हा वेग स्प्रिंगच्या ताठपणाच्या वर्गमुळाने वाढतो. स्प्रिंग ४० टक्के ताठ केली तर कंपनसंख्या सुमारे १८ टक्के वाढते, म्हणजे १.३ची १.५च्या पुढे जाते. ऐकायला फार वाटत नाही. पण त्याच स्प्रिंगवर मूळचा शॉकअप ठेवला (आणि आपल्याकडे नव्वद टक्के लोक नुसत्या स्प्रिंगच बदलतात, हा माझा पार्किंगमधला अंदाज) तर तो शॉकअप त्या स्प्रिंगच्या मानाने सुमारे १५ टक्के कमकुवत ठरतो. शॉकअपमध्ये काही बिघडलेलं नसतं, त्याच्यावर काम वाढलेलं असतं. म्हणजे पैसे देऊन आपण गाडीला थोड्या थकलेल्या शॉकअपची करून घेतो, आणि तिला ‘स्पोर्टी’ म्हणतो. सिकंदराबादच्या एम.सी.ई.एम.ई.त हे फळ्यावर शिकवलं होतं तेव्हा मी झोपलेलो नव्हतो, एवढं नमूद करतो.

पाठीबद्दलही दोन ओळी, कारण हा आपल्या लोकांचा प्रश्न आहे. उभ्या दिशेच्या कंपनांत माणसाचं शरीर सेकंदाला ४ ते ८ वेळांच्या पट्ट्यात सर्वांत हळवं असतं. लहान खड्ड्यांचा, उखडलेल्या डांबराचा ताठ गाडीतून येणारा मारा बराचसा त्याच सुमाराला बसतो. आपल्यात चाळिशीनंतर पी.आय.व्ही.डी. हा शब्द ज्याला समजावून सांगावा लागतो असा अधिकारी विरळा. एवढी वर्षं पाठीवर पिठ्ठू, मग थ्री टनची सीट, आणि आता स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीतही तेच?

मग घालायचं काय? पर्याय बरेच आहेत, आणि सगळे वाईट नाहीत.

पहिला, कंपनीचाच शॉकअप. याला मी नाकं मुरडणार नाही. ज्याची गाडी शहरात फिरते आणि महामार्गाला क्वचित लागते, त्याने हाच घ्यावा आणि उरलेल्या पैशात टायर घ्यावेत. बिलस्टाइनचा बी-४ किंवा के.वाय.बी.चा एक्सेल-जी हे याच घरातले: दुहेरी नळीचे, गॅस भरलेले, मूळच्या बरोबरीचे किंवा किंचित घट्ट.

दुसरा, एकेरी नळीचा मोनोट्यूब, उदाहरणार्थ बिलस्टाइन बी-६. मी हा घेतला. दुहेरी नळीत तेल आणि गॅस एकाच घरात राहतात. लांबवर खडखडत गेलं की तेलाला फेस येतो आणि शॉकअप काही काळ नुसता हवेत हलतो. जोधपूरला असताना वाळूतल्या पत्र्यासारख्या नागमोडी ट्रॅकवर अर्ध्या तासात गाडी कशी बदलते ते मी रोज पाहिलंय. मोनोट्यूबमध्ये तरंगता पिस्टन जोराच्या दाबाखालचा गॅस तेलापासून वेगळा ठेवतो, आणि नळी एकच असल्याने उष्णता थेट बाहेर जाते. पठाणकोट ते पुणे दोन हजाराच्या आसपास किलोमीटर, मे महिना, भरलेली गाडी: यासाठी मला तेच हवं होतं. बी-६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी असतो. बी-८ हा त्याचाच आखूड भाऊ, उंची उतरवलेल्या गाडीसाठी. दुकानदार एकाच्या जागी दुसरा खपवायला बघतो, खोकं उघडून नंबर बघा.

बी-६चे तोटेही आहेत. कमी वेगात, लहान खड्ड्यांवर गाडी आधीपेक्षा घट्ट लागते. माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी छावणीतून बाहेर पडायच्या आत विचारलं, ‘एवढे पैसे देऊन हे?’ ऐंशीच्या पुढे तिने तो प्रश्न परत विचारला नाही, पण छावणीत अजून विचारते. दुसरं, मोनोट्यूबच्या उघड्या नळीला दगड लागून पोचा पडला तर आतला पिस्टन अडकतो. पुढच्या स्ट्रटमध्ये बिलस्टाइन सहसा तो उलटा करून बाहेरच्या आवरणात बसवतो, त्यामुळे भीती मागच्याचीच.

तिसरा, कोनी. पिवळ्या कोनीत परतीचा जोर कमीजास्त करता येतो. त्यांचाच अॅक्टिव्ह नावाचा प्रकार लहान जलद धक्क्यांना सैल आणि मोठ्या संथ हालचालींना घट्ट वागतो, तेही कुठल्याही वायरीशिवाय, आतल्या झडपेवर. तुमच्या गाडीसाठी मिळत असेल आणि घरात माझ्यासारखा प्रश्न विचारला जाणार असेल, तर बी-६ऐवजी हाच घ्या.

आणि मग कॉइलओव्हर. आमच्या युनिटमधला एक कॅप्टन, साताऱ्याकडचा, महिनाभर याच्या मागे आहे.

‘सर, के.डब्ल्यू. घेऊ की बी.सी.?’

‘कशासाठी?’

‘सर, अॅडजस्ट करता येतं.’

‘शेवटचं तू गाडीत नेमकं काय अॅडजस्ट केलं होतंस?’

‘...आरसा, सर.’

पोराचं चुकत नाही. कॉइलओव्हर हे सुंदर यंत्र आहे. के.डब्ल्यू.च्या व्हेरिअंट वनमध्ये उंची, टूमध्ये उंची आणि परतीचा जोर, थ्रीमध्ये दाबाचा जोरही वेगळा लावता येतो. पण ती प्रत्येक चकती फिरवायला टायरचं तापमान, कोपऱ्याकोपऱ्यावरचं वजन आणि एकच वळण वीस वेळा घ्यायला मोकळा ट्रॅक लागतो. यातलं काहीच हाताशी नसेल तर ज्या इंजिनिअरने महिनोन्‌महिने बसून मूळचा जोर ठरवला, त्याच्या उत्तरावर आपण डोळे मिटून रेघ मारतोय. शिवाय आपल्याकडच्या चिखलात, पावसाळ्यात आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत त्या आट्या गंजून धरतात. दोन पावसाळ्यांनंतर उंची फिरवता येणारे कॉइलओव्हर एकाच उंचीचे होतात. किंमत मात्र फिरवता येणाऱ्याचीच दिलेली असते.

त्याला मी एवढंच विचारलं की रजेवर साताऱ्याला जाताना मागे कोण बसणार आहे. बायको आणि आठ महिन्यांचं बाळ. त्या भाराने उतरवलेली गाडी बंप स्टॉपवर टेकूनच पठाणकोट सोडेल.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. मूळ मापाचा शॉकअप बदलणं ही दुरुस्ती आहे. गाडी उतरवणं, चाकं रुंद करणं हे तपासणाऱ्याच्या नजरेत काय ठरेल ते त्या दिवशीच्या त्याच्या मूडवर सोडावं लागतं. आपण दर दोनतीन वर्षांनी राज्य बदलणारी माणसं. २०२१पासून बी.एच. सिरीज आल्याने नव्या गाडीवाल्यांची पुनर्नोंदणीची कटकट संपली, जुन्या नंबरवाल्यांना मात्र एन.ओ.सी. आणि तपासणीच्या रांगेत उभं राहावंच लागतं. आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतरच्या सर्व्हेअरला बरोबर दिसतो.

टायरचं थोडक्यात. १८५/६० आर१५ टायरची बाजूची भिंत १११ मिलिमीटर उंच, १९५/५५ची १०७. लोक १७ इंची चाकावर २०५/४० घालतात, तिची ८२. ही भिंत म्हणजे तुमचा पहिला शॉकअप, तोही फुकटचा. ती कापून टाकायची आणि मग मऊपणासाठी महाग डॅम्पर शोधायचे, हे कोडं मला सुटलेलं नाही.

शेवटी बसवण्याबद्दल, कारण निम्मे चांगले शॉकअप गॅरेजमध्ये मरतात. एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये (नाव विचारू नका) माझ्या गाडीला फक्त गळणारा डावा मागचा शॉकअप बदलून द्यायला निघाले होते, ‘उजवा चांगला आहे, साहेब’ म्हणून. एका अॅक्सलवरचे दोन्ही एकदमच बदलायचे. नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी कुठल्या बाजूला जाईल ते नव्यावर अवलंबून राहतं. पुढच्या स्ट्रटबरोबर वरचं माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं आवरण नवं घ्या. हे सगळं मिळून एका शॉकअपच्या किमतीपेक्षा कमी पडतं, आणि यासाठी पुन्हा सगळं खोलायची मजुरी वाचते. पोलोचा पुढचा स्ट्रट चाकाच्या हबमध्ये फटीत बसतो. ती फट रुंदावायचं हत्यार गॅरेजकडे आहे का ते आधी विचारा, नाहीतर हातोडी येते. मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे असल्याने काम सोपं आहे.

डॅम्परच्या दांड्यावरचा नट हवेच्या गनने कसू देऊ नका. दांडा फिरतो आणि आतलं सील पहिल्याच दिवशी खरचटतं. आणि आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना कधीही कसायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडी आपल्या वजनावर बसलेली, मगच टॉर्क रेंच. लटकत्या गाडीत कसले तर बुश कायम पीळ पडलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षभरात फाटतं. हे त्या वर्कशॉपच्या मुलाला सांगितल्यावर तो म्हणाला, ‘साहेब, सगळे असंच करतात.’ शेवटी एका रविवारी पिटवर मी आणि एल.ए.डी.तून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब, असं दोघांनी ते काम केलं. साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत. बोल्ट कसताना त्यांनी रेंचचा ‘टक’ ऐकेपर्यंत बोलायला बंदी घातली होती.

अलाइनमेंट लगेच करून घ्या, आणि पाचसातशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. नव्या रबराला बसायला तेवढं अंतर लागतं. जुन्या स्प्रिंग तशाच ठेवल्या असतील तर त्यांच्या खालच्या वेटोळ्याला चीर नाही ना ते शॉकअप काढलेला असतानाच पाहा. पंजाबातल्या दमट पावसाळ्यानंतर माझ्या मागच्या डाव्या स्प्रिंगला ती सापडली. म्हणून चारही स्प्रिंग नव्या आणल्या, चाकणच्या मापाच्याच.